रेजिनाने लावलेली पैज

रेजिना सायकलवरून पडून गेली नाही. हे आधी लिहून टाकते, कारण गेला दीड महिना आमच्या गिरीजच्या नाक्यापासून माणिकपूरच्या रिक्षा स्टँडपर्यंत जो भेटेल तो मला हेच ऐकवतो आहे... "सायकलनं नेली हो टीचरला." नाही नेली. त्या मंगळवारी दुपारी ती आपल्या घराच्या मागच्या पडवीत पाटावर बसून राजेळी केळी सोलत होती. उन्हात वाळवून त्यांची सुकेळी करायची होती, आमच्या सायकलफेरीत वाटेवर खायला. तिचा मुलगा नेल्सन बोळिंजला राहतो, तो काही कामाने आला होता. चहा टाकू का विचारायला तो मागे गेला, तर आई भिंतीला टेकलेली आणि मांडीवर अर्धं सोललेलं केळं. लहानपणीच्या सांधेतापाने तिच्या हृदयाची एक झडप अधू झाली होती. ती झडप पन्नास वर्षं कुरकुरत चालली आणि त्या दुपारी थांबली. सायकल तेव्हा चार हात लांब, स्टँडवर उभी होती. मी माणिकपूरला सायकलच्या दुकानात होते, ब्रेकची रबरं घ्यायला. दुकानदार विचारत होता, "एकीची देऊ की दोघींची?" "दोघींची," मी म्हटलं, आणि फोन वाजला. सगळं ऐकून झाल्यावरही दोघींच्या रबरांचा पुडा मी त्याच्याकडून मागून घेतला आणि मगच रिक्षा केली. का घेतला ते मला आजही सांगता येणार नाही.

आमच्या वाड्या एकमेकींना लागून. मधल्या विहिरीवर दोन्ही घरांचा हक्क, त्यामुळे भांडायला कारण शोधावं लागत नसे. ती ख्रिस्ती, मी वाडवळ. तिच्या घरची बोली वेगळी, माझ्या घरची वेगळी, पण गावच्या शाळेत एका बाकावर बसलेल्या आम्ही, त्यामुळे दोन्ही बोलींची खिचडी करून आमचं चालायचं. फक्त कडाक्याचं भांडण झालं की दोघी एकदम शाळेतल्या शुद्ध मराठीत जायचो. "सुमन, तुझं वागणं मला पटलेलं नाही," असं ती म्हणाली की समजायचं, आता आठवडाभर अबोला. ती माणिकपूरच्या एका शाळेत गणिताची टीचर झाली आणि मी पोस्टात चिकटले. तिचे वडील केळीचे लोंगर सायकलला बांधून बाजारात न्यायचे, त्याच सायकलच्या दांडीखालून पाय घालून ती दहाव्या वर्षी शिकली. साडी नेसून सायकलवर शाळेत जाणारी ती आमच्याकडची पहिलीच बाई असावी. सुरुवातीला लोक बोलले, पुढे पुढे लोकांची तोंडं दुखली, आणि ती तीस वर्षं त्याच रस्त्याने जात राहिली. लग्न झालं, नेल्सन झाला, नवरा लवकर गेला... सायकल चालूच होती. मी मात्र रिक्षावाली. मला सायकल येत नव्हती आणि यावी असं मला कधी वाटलंही नव्हतं.

निवृत्तीनंतर चर्चच्या महिला मंडळाबरोबर ती तिकडे उत्तरेला, धरणाजवळच्या एका वारली पाड्यावर मुलांचे अभ्यास घ्यायला जाऊ लागली. एका पावसाळ्याअखेर परत आली ती धुमसतच. पाड्यावरच्या अकरा मुलींनी आठवीनंतर शाळा सोडली होती. नववीची शाळा आठ-नऊ किलोमीटरवर. डांबरी रस्ता डोंगराला वळसा घालून जातो, त्यावर एसटी आली तर आली. पण धरणातून निघालेला कालवा पाड्याच्या खालून सरळ शाळेच्या गावाकडे जातो आणि त्याच्या काठाने मुरमाचा रस्ता आहे, पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्यांच्या ये-जा करण्यासाठी केलेला. "सपाट आहे गं सुमे, तळहातासारखा सपाट! सायकल असली तर पाऊण तास लागेल." अडचण दोन गोष्टींची होती. सायकली नव्हत्या, आणि त्या काठाने सायकल जाऊ शकते, मुली जाऊ शकतात, हे पाड्यावर कोणी मानायला तयार नव्हतं.

सायकलींचं उत्तर तिने एका रविवारी चर्चच्या आवारात काढलं. आमच्या गावात घरटी एक तरी सायकल पडवीत नाहीतर विहिरीच्या शेडमध्ये धूळ खात पडलेली आहे. पोरं मोटारसायकलवर गेली, आईबाप रिक्षात गेले. मिस्सेची उपासना संपल्यावर तिने चारचौघांत विषय काढला, तर एक गृहस्थ हसून म्हणाले, "टीचर, एवढं सोपं आहे तर तुम्हीच जाऊन दाखवा सायकलनं धरणापर्यंत. माझ्या पोराची गिअरवाली तुमची." हे तिला कोणी म्हणायला नको होतं. "सगळ्यांनी ऐकलंत ना?" तिने वर्गात विचारावं तसं विचारलं. मग दुसरा हसला, तिसरी हसली, आणि हसता हसता दोन आठवड्यांत अकरा घरांनी शब्द दिला : रेजिना टीचर गिरीजहून सायकलने निघून, कालव्याच्या काठाने धरणाच्या दरवाजापर्यंत पोचली, की सायकल तिची. त्यातली चार घरं आमच्या आळीतली, वाडवळांची. माझ्याच ओटीवर हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना तिने पकडलं होतं.

"मी एकटी नाही जायची," ती जाता जाता म्हणाली. "सुमन येणार आहे बरोबर."

मला तेव्हा साठ पुरी झाली होती आणि सायकलवर बसले की माझे गुडघे हँडलला लागायचे. थंडीचे दोन महिने तिने मला वाड्यांमधल्या गल्ल्यांतून शिकवलं. मी केळीच्या पाटात पडले, कुंपणात गेले, एकदा एका कोंबडीच्या अंगावर गेले तेव्हा कोंबडीने मला जे काय सुनावलं ते तिच्या मालकिणीपेक्षा सौम्य होतं. रेजिना मागून सीट धरून चालायची आणि ओरडायची, "खाली कय बघतं? पुढे बघ! रस्ता पळून नाय जायचा!" सीट तिने कधी सोडली ते तिने मला सांगितलं नाही. मागे वळून पाहिलं तर ती लांब उभी, कमरेवर हात ठेवून, दम खात. डॉक्टरांनी तिला सायकलला परवानगी दिली होती, फक्त दम लागला की थांबायचं. आणि ती थांबायची, हेही लिहून ठेवते. ती हटवादी होती पण मूर्ख नव्हती.

मूर्खपणा एकदाच केला, आणि तो दोघींनी मिळून केला. मार्चमध्ये कालव्याचा रस्ता नजरेखालून घालायचा होता. ओळखीचा भाजीचा टेम्पो शुक्रवारी मनोरकडे जायचा, त्यात सायकली टाकून आम्ही गेलो आणि शाळेच्या गावापाशी कालव्याच्या काठाला लागलो. पळस फुलला होता, कालव्याला भरपूर पाणी होतं, बायका पायरीवर कपडे धूत होत्या. रस्ता खरंच सपाट, पण ऊन असं की मुरमातून वाफ यावी. आठेक किलोमीटरनंतर माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. रेजिनाला सांगावं म्हणून पाहिलं तर ती आधीच सायकल आडवी टाकून करंजाखाली बसलेली, चेहरा पांढराफटक. मी तिच्याजवळ जाऊन बसले नाही, कोसळले. तेवढ्यात वरच्या पाड्यावरून एक वारली म्हातारी शेळ्या घेऊन उतरली. तिने आम्हाला पाणी पाजलं आणि विचारलं, "सकाळपासून कय खाल्लं?"

मी म्हटलं, "माझी संकष्टी आहे."

रेजिना माझ्याकडे बघतच राहिली. "आज? मला बोलली नाहीस? माझा उपवासकाळातला शुक्रवार. मी संध्याकाळीच जेवते."

ती उपाशी आहे हे मला माहीत नव्हतं, मी उपाशी आहे हे तिला माहीत नव्हतं. माझ्यासाठी बेत मोडायला नको म्हणून मी गप्प, तिच्यासाठी बेत मोडायला नको म्हणून ती गप्प. आणि हँडलला सुकेळ्यांची पिशवी लटकत होती, दोघींच्याही उपासाला चालली असती अशी. म्हातारीने पिशवीत डोकावून पाहिलं. "केली हायत. मंग खाल्ली कां नाय?" दोघींनी माना खाली घातल्या. "शाला शिकल्या ना तुमी?" म्हातारी म्हणाली आणि घरातून नाचणीची आंबील घेऊन आली. मी चंद्राकडे आणि रेजिनाने संध्याकाळकडे पाठ फिरवून ती आंबील प्यायली. "देव वरून बघत असेल तर त्याला ऊनही दिसत असेल," रेजिना तांब्या पुसत म्हणाली. मग तिने लगेच म्हातारीला गाठलं, कारण त्या अकरांतली एक मुलगी या म्हातारीचीच नात निघाली. "बघा आजी, आम्ही दोघी म्हाताऱ्या आलो की नाही या काठानं? मग तुमची नात का नाही जाणार?"

म्हातारीने कालव्याकडे हात केला. "तुमी दोघी आल्या. एक पडली तं दुसरी हाय. हे पानी बघ केवढं. पोरीला कंदी एकलीला यायला लागंल, तवा?"

रेजिनाकडे सगळ्याला उत्तर असायचं. याला नव्हतं. परतीच्या टेम्पोतून घराशी उतरताना ती म्हणाली, "म्हातारी गणितात पक्की आहे." फेरी ईस्टरनंतरच्या आठवड्यात ठरली होती. तिच्या दहा दिवस आधी तो मंगळवार आला.

दफनविधीनंतर चर्चच्या फाटकाशी नेल्सनने मला थांबवलं. त्याचे डोळे सुजले होते. "मावशी, तुम्ही तरी तिला अडवायचं होतं," तो म्हणाला. मी त्याला काही बोलले नाही, ती जागा बोलायची नव्हती. आता बोलते. नेल्सन, बाळा, तुझ्या आईला कोणी अडवायचं होतं? आणि का? गावात तिच्या वयाच्या किती बायका आहेत, ज्यांना काळजीपोटी खुर्चीत बसवून ठेवलं आहे... विहिरीवर नको, बाजारात नको, जिना नको. त्या जगताहेत, त्यांना उदंड आयुष्य मिळो. पण ते जगणं पाहिलं की मला सायकलवर जाणारी रेजिना दिसते आणि माझा राग मावत नाही. तिची झडप तिने कुठे वापरायची हे तिचं तिने ठरवलं होतं. शेवटच्या तीन महिन्यांत मी तिला जितकं हसताना पाहिलं तितकं तिच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

सांत्वनाला येणारा प्रत्येकजण जाताना हळूच म्हणायचा, "ते सायकलचं आता राहू द्या हं. तिच्या आत्म्याला शांती मिळू दे." शांती हवी असती तर ती त्या सायकलवर बसलीच नसती! ज्यांनी शब्द दिले होते त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव मी स्पष्ट पाहिला. पैज रेजिनाशी होती, रेजिना नाही, विषय संपला. पण जून काही थांबणार नव्हता. शाळा तर जूनमध्येच उघडणार, आणि एकदा नववीचं वर्ष चुकलं की त्या अकराजणींची लग्नं जमवायला कोणी उशीर करणार नव्हतं. तिच्या पडवीतली केळी तशीच चटईवर पडली होती. ती मी रोज जाऊन उन्हात उलटली, वाळल्यावर केळीच्या सुक्या सोपटात बांधली आणि ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, माझ्या सायकलवर बसले. घरचे बोलायचे थांबले होते. माझी सून तेवढी म्हणाली, "आई, आज कुठला उपास नाही ना?"

नाक्यावर नेल्सन गाडी घेऊन उभा होता. "हायवेला एकट्या नका जाऊ. मी मागून येतो," म्हणाला. ना माफी, ना गप्पा. मनोरपर्यंत तो माझ्या मागे राहिला. ट्रक माझ्या अंगावरून गेल्यासारखे जात होते आणि त्याच्या गाडीचे दिवे मागे लुकलुकत होते. पहिला मुक्काम मनोरला ओळखीच्यांकडे केला. दुसऱ्या दिवशी शाळेच्या गावापाशी कालवा लागला तेव्हा त्याची गाडी थांबली, कारण त्या काठाने गाडी जात नाही. तो डोंगराच्या वळशाने धरणाकडे जाणार होता. "जमेल?" त्याने विचारलं. "तुझ्या आईनं शिकवलंय," मी म्हटलं.

आणि मग मी एकटी होते. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला उतार, आणि मागे सीट धरणारं कोणी नाही. पहिले दोन किलोमीटर मी रडत सायकल चालवली, हे सांगायला मला लाज नाही वाटत. मोठ्याने रडले, ऐकायला बगळ्यांशिवाय कोणी नव्हतं. मग रेजिनावर चिडले. मला या वयात सायकलवर बसवून, सगळ्या गावाशी पैज लावून, ही निघून गेली... तिला शुद्ध मराठीत खूप बोलले. जिथे कालव्यातून शेतांकडे जाणारा पोटपाट फुटतो तिथे सायकल उचलून पलीकडे न्यावी लागते. मार्चमध्ये आम्ही दोघींनी मिळून ती उचलली होती. आता आधी पिशवी नेली, मग पुढचं चाक, मग मागचं, आणि एकदा पाय घसरून गुडघ्याचं सालपट निघालं. पाणी अगदी जवळून वाहत होतं आणि मला त्याची भीती वाटली. उठले, साडीचा ओचा पुन्हा खोवला आणि बसले सायकलवर.

करंजाखाली म्हातारी उभी होती. तिच्याबरोबर पोरी होत्या, रेजिनाने तारीख आधीच कळवून ठेवली होती. म्हातारीने माझ्या मागे रस्ता पाहिला, बराच वेळ पाहिला. "दुसरी कंची?"

"ती वारली, आजी. दहा-बारा दिवस झाले."

म्हातारी खाली वाकली. माझ्या गुडघ्याचं रक्त तिने पदराने पुसलं. मग म्हणाली, "तू एकली आली? शालेपासून हितवर?"

"एकटी आले."

तिने पुन्हा एकदा कालव्याकडे पाहिलं, मग नातीकडे. "मंग हिला सायकल कंदी देतं?"

रेजिनाकडे जे उत्तर नव्हतं ते असं दिलं गेलं. मला ते अशा तऱ्हेने द्यायचं नव्हतं. ती बाजूला असती आणि आम्ही दोघी मिळून हरलो असतो तरी मला चाललं असतं... पण ते आता बोलून उपयोग नाही. पोरी माझ्या दोन्ही बाजूंनी धावत धरणापर्यंत आल्या. नेल्सन तिथे पोचला होता. मी दरवाजाच्या कठड्याला हात लावला, कारण पैज तशीच होती, आणि त्याने फोटो काढला. फोटो हलला आहे. 

तिच्या महिन्याच्या मिस्सेपर्यंत सात सायकली आल्या. पहिली आली ती त्या हसणाऱ्या गृहस्थांची, गिअरवाली, तेल घातलेली, आणि त्यांनी मान खाली घालून ती मला दिली. त्या सातही पाड्यावर पोचल्या आहेत. चार यायच्या आहेत. दोघांनी मला सांगितलं की पैज टीचरशी होती. एकाने सांगितलं की बघू, पावसाळ्यानंतर. एक घर दार उघडत नाही, पण शेडमधली निळी सायकल कुंपणावरून दिसते. मी कोणाचंही नाव लिहीत नाही, तुम्ही हे वाचताय हे मला माहीत आहे. पैज अशी होती की एका म्हातारीने त्या काठाने जाऊन दाखवायचं. एक म्हातारी गेली. कोणती गेली, याने त्या चार पोरींच्या पायाखालचा रस्ता आखूड होत नाही.

रेजिना कोणाच्या घरी गेली की फाटकातून हाक मारत नसे. सायकलवरून उतरतही नसे. एक पाय पायरीवर टेकवून, हँडलवर हात ठेवून नुसती उभी राहायची. घरातलं माणूस कधी ना कधी बाहेर येणारच, एवढा तिचा माणसांवर भरवसा होता. माझ्या पायरीची कड तिच्या चपलेने झिजली आहे. गेल्या आठवड्यात गवंडी घराच्या डागडुजीला आला होता, त्याला मी तेवढी कड सोडायला लावली. "बरं नाही दिसणार," तो म्हणाला. दिसू दे. सकाळी सायकल काढताना माझाही पाय तिथेच पडतो हल्ली. तर येत्या रविवारी, मिस्सा सुटल्यावर, मी चारही घरी येणार आहे. हाक मारणार नाही. पायरीवर पाय टेकवून उभी राहीन, आणि मला घाई नसते हे पोस्टात माझ्या खिडकीशी रांगेत उभं राहिलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे. सायकल तेवढी बाहेर काढून ठेवा. हवा मी भरून घेईन.